बोटांचे ठसे की अभिक्षमता चाचणी? दहावीनंतर निर्णय घेणाऱ्या पालकांसाठी एक तुलनात्मक आढावा

दहावीचा निकाल आणि अकरावीचा प्रवेश यांच्या मधल्या दिवसांत गोव्यातल्या आमच्या फोंडा तालुक्यातील उच्च माध्यमिक विद्यालयात पालकांची ये-जा सुरू होते. मी तिथे अकरावी-बारावीला मानसशास्त्र शिकवते, म्हणून सायन्स, कॉमर्स, आर्ट्स की व्होकेशनल हा प्रश्न घेऊन आलेले अनेक जण अखेरीस माझ्या टेबलाशी येऊन बसतात. अलीकडे त्यांच्या हातात बहुधा दोन कागद असतात. एका कागदावर प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञाकडून होणाऱ्या अभिक्षमता चाचणीची, म्हणजे कोणत्या प्रकारचे काम मुलाला चांगले जमू शकेल हे तपासणाऱ्या चाचणीची, माहिती असते. दुसरे असते एक रंगीत माहितीपत्रक. मुलाच्या दहाही बोटांचे ठसे घेऊन त्याची जन्मजात बुद्धिमत्ता, मेंदूच्या डाव्या-उजव्या भागाचे बळ आणि त्याला शोभणारे करिअर सांगण्याचे आश्वासन त्यात दिलेले असते. या दुसऱ्या प्रकाराला डीएमआयटी (डर्माटोग्लिफिक्स मल्टिपल इंटेलिजन्स टेस्ट, म्हणजे त्वचारेषांवरून बहुविध बुद्धिमत्तांची चाचणी) या नावाने ओळखतात. दोन्ही कागदांवर ‘शास्त्रीय’ हा शब्द छापलेला असतो, आणि दोन्हींसाठी पैसे मोजावे लागतात. यातले कोणते घ्यावे, असे पालक विचारतात.

माझे उत्तर आधीच सांगते: चाचणी करायचीच असेल तर अभिक्षमता चाचणी करावी, आणि तीही काही अटी पाळून. ठशांच्या चाचणीवर मुलाच्या शिक्षणाचा निर्णय सोपवू नये. मात्र माझ्या सांगण्यावरून हे मान्य करा असे मी म्हणणार नाही. एखादी गोष्ट शास्त्रीय आहे असे आपण केव्हा म्हणतो, हे कळले की या दोन कागदांमधला फरक पालकांना स्वतःच पडताळता येतो. पुढील सारा मजकूर त्यासाठीच आहे.

प्रथम या दोन्ही चाचण्या प्रत्यक्षात कशा होतात ते पाहू. ठशांच्या चाचणीत मूल एका लहान यंत्रावर एकेक बोट ठेवते. प्रत्येक बोटाचे पुढून, डावीकडून आणि उजवीकडून असे ठसे संगणकात जातात. मुलाला काही सोडवावे लागत नाही, काही बोलावेही लागत नाही. काही दिवसांनी जाडजूड अहवाल येतो. मी पाहिलेला अहवाल चाळीसहून अधिक पानांचा होता. त्यात मेंदूचे रंगीत चित्र होते, आठ प्रकारच्या बुद्धिमत्तांची टक्केवारी दशांश चिन्हानंतर दोन अंकांपर्यंत दिलेली होती, आणि शेवटी डझनभर व्यवसायांपुढे कमी-जास्त तारे काढलेले होते.

अभिक्षमता चाचणीत मुलाला दोन-तीन तास बसून प्रश्न सोडवावे लागतात. या चाचण्यांचे एक जुने आणि प्रसिद्ध उदाहरण म्हणजे 1947 साली अमेरिकेत प्रथम प्रसिद्ध झालेला डीएटी (डिफरन्शियल ॲप्टिट्यूड टेस्ट्स) हा संच. शाब्दिक तर्क, अंकगणिती क्षमता, आकृत्यांवरून तर्क, यांत्रिक तर्क, अवकाशीय आकलन, कारकुनी कामातील वेग व अचूकता, शुद्धलेखन आणि भाषावापर असे आठ भाग त्यात होते. भारतातही याच धर्तीचे संच वापरले जातात. गेल्या वर्षी अशी एक चाचणी चालू असताना मला खोलीत मागे बसायची परवानगी मिळाली होती. डिचोलीकडची एक मुलगी अवकाशीय आकलनाच्या प्रश्नांपर्यंत आली. कागदावर पुठ्ठ्याची उलगडलेली आकृती होती, आणि ती दुमडल्यावर चारांपैकी कोणता खोका तयार होईल ते ओळखायचे होते. तिने पेन्सिल खाली ठेवली, दोन्ही तळहात हवेत धरले, न दिसणाऱ्या पुठ्ठ्याच्या कडा एकेक करून दुमडल्या आणि मग उत्तर लिहिले. भाषेच्या भागात अडखळणारी हीच मुलगी इथे वेळ संपायच्या आत सगळे प्रश्न सोडवून मोकळी झाली. तिचा अहवाल चार पानांचा होता. त्याविषयी पुढे लिहिणारच आहे.

अहवालाची जाडी, यंत्राची चकाकी किंवा आकड्यांची नेमकेपणाची छाप यांवरून शास्त्रीयता ठरत असती, तर ठशांची चाचणीच वरचढ ठरली असती. शास्त्रीयता ठरते ती पद्धतीवरून. प्रत्यक्ष निरीक्षण आणि मोजमाप, मोजणाऱ्याच्या इच्छेचा निकालावर परिणाम होऊ नये यासाठी घातलेली बंधने, दुसऱ्याने तोच प्रयोग केला तर तोच निष्कर्ष मिळणे, आणि आपले म्हणणे कशामुळे खोटे ठरेल हे आधीच सांगून ठेवण्याची तयारी, ही विज्ञानाची मुख्य लक्षणे होत. विषय पदार्थविज्ञानाचा असो की मनाचा, ही लक्षणे बदलत नाहीत. विल्हेल्म वुंट यांनी 1879 साली जर्मनीत लाइपझिग येथे मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढली. मानसशास्त्राला स्वतंत्र विज्ञान म्हणण्याची सुरुवात तेथून धरतात, ती याच पद्धतीचा स्वीकार झाला म्हणून. मनाविषयीचे चिंतन त्यापूर्वी शेकडो वर्षे चालू होतेच.

या लक्षणांपैकी बंधनांचे, म्हणजे प्रयोगातील नियंत्रणाचे, महत्त्व समजण्यासाठी आपल्याला पणजीहून लांब जावे लागत नाही. जुन्या सचिवालयाजवळ आबे फारिया यांचा पुतळा आहे. गोमंतकीय शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला हा पुतळा 1945 पासून तिथे उभा आहे, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण निद्राधीन स्त्रीवर हात उगारलेली ती आकृती पाहतो. कांदोळीत 1756 साली जन्मलेल्या या धर्मगुरूंचे नाव संमोहनाशी जोडलेले आपण शाळेपासून ऐकतो, परंतु त्यांच्या कार्याचे खरे मोल त्यांच्या आधीची गोष्ट कळल्याखेरीज लक्षात येत नाही.

फ्रान्झ मेस्मर हे वैद्य पॅरिसमध्ये रोग्यांवर ‘प्राणिज चुंबकत्वा’चे उपचार करीत. विश्वात भरून राहिलेला एक अदृश्य द्रव आपण रोग्याच्या शरीरात वळवतो आणि त्याने रोग बरा होतो, असा त्यांचा दावा होता. रोग्यांना झटके येत, ते बेशुद्ध होत, काहींना बरेही वाटे. परिणाम डोळ्यांना दिसत होता. म्हणून फ्रान्सच्या राजाने 1784 साली एक आयोग नेमला, त्यात बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए हे होते. आयोगाने केलेला एक प्रयोग आजही अभ्यासण्याजोगा आहे. मेस्मर यांचे शिष्य देस्लों यांनी बागेतील जर्दाळूच्या एका झाडात चुंबकत्व भरले. मग बारा वर्षांच्या एका मुलाला डोळे बांधून एकेका झाडापाशी नेण्यात आले. चौथ्या झाडाशी तो मुलगा बेशुद्ध पडला, परंतु चुंबकत्व भरलेले झाड ते नव्हतेच. ते कित्येक पावले दूर होते.

मुलगा खरोखर बेशुद्ध पडला होता, हे आयोगाने नाकारले नाही. त्याने नाकारले ते त्याचे सांगितले गेलेले कारण. डोळ्यांवरची पट्टी नसती तर झाड आणि बेशुद्धी यांचा संबंध प्रत्येकाला सिद्ध झालेला वाटला असता. पुढे आबे फारिया यांनी पॅरिसमध्ये 1813 पासून जाहीर प्रयोग केले आणि 1819 च्या आपल्या ग्रंथात असे मांडले की अशा प्रयोगांत येणाऱ्या संमोहनाच्या निद्रेचे कारण कोणत्याही द्रवात नसून ते निद्राधीन होणाऱ्या व्यक्तीच्या मनात, तिच्या अपेक्षेत आणि एकाग्रतेत आहे. एका गोमंतकीयाने मनाच्या व्यापाराचे कारण बाहेरच्या गूढ शक्तीकडून माणसाच्या मनाकडे आणले, ही घटना मला आपल्या शाळांमधून अधिक तपशिलाने शिकवली जावी असे मनापासून वाटते.

आता हीच पट्टी ठशांच्या चाचणीच्या डोळ्यांवर बांधून पाहू. अहवाल वाचून “अगदी आमच्याच मुलाचे वर्णन!” असे पालक म्हणतात, तेव्हा त्यांचा अनुभव खरा असतो. प्रश्न असतो तो त्याच्या कारणाचा. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ बर्ट्राम फोरर यांनी 1948 साली आपल्या 39 विद्यार्थ्यांची एक व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचे ‘स्वतंत्र’ वर्णन दिले. हे वर्णन आपल्याला किती लागू पडते, याला विद्यार्थ्यांनी 5 पैकी सरासरी 4.26 गुण दिले. प्रत्यक्षात सर्वांच्या हाती एकच मजकूर होता, आणि त्यातली विधाने फोरर यांनी फलज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेली होती. “तुमच्यात बरीच क्षमता आहे, पण तिचा तुम्ही पुरेसा उपयोग केलेला नाही,” हे वाक्य कोणाला लागू पडणार नाही?

शेजारच्या एका घरात दोन्ही मुलींचे ठशांचे अहवाल आलेले होते. आई-वडिलांच्या संमतीने मी दोन्हींवरची नावे झाकली, मुखपृष्ठे काढली आणि ‘धाकटीचा’ म्हणून थोरलीच्या अहवालातील तीन पाने आईपुढे ठेवली. “ही आमची धाकटीच, हट्टी पण मायाळू,” असे त्या म्हणाल्या. नावे उघडल्यावर बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. एका घरातील एका प्रसंगाला मी संशोधन म्हणणार नाही, कारण एका उदाहरणावरून निष्कर्ष काढणे हेच विज्ञानाला मान्य नाही. परंतु ज्यांच्या घरात असे दोन अहवाल आहेत त्यांना हा प्रयोग फुकटात करता येईल.

मोठ्या प्रमाणावर अशी पडताळणी कशी होते, याचे उदाहरण महाराष्ट्रात आहे. डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 100 हुशार आणि 100 मतिमंद मुलांच्या कुंडल्या गोळा केल्या, त्या मिसळल्या आणि प्रत्येक ज्योतिषाकडे त्यांतल्या 40 पाठवून कोणती कुंडली कोणत्या गटातील मुलाची आहे ते विचारले. उत्तरे पाठवणाऱ्या 27 ज्योतिषांचे यश सरासरीने निम्म्याहूनही थोडे कमी भरले. नाणेफेक केली असती तरी निम्मी उत्तरे बरोबर आली असती. या प्रयोगाचे मोल त्याच्या निकालाइतकेच त्याच्या मांडणीत आहे. ज्योतिषांना यशस्वी ठरण्याची पूर्ण संधी होती, आणि अयशस्वी ठरलो हे कशावरून म्हणायचे तेही आधीच ठरलेले होते. ठशांच्या चाचणीचे विक्रेते अशा कसोटीला उतरल्याचे माझ्या तरी वाचनात आलेले नाही. भारतातील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने, इंडियन सायकिॲट्रिक सोसायटीने, या चाचणीला शास्त्रीय आधार नसल्याचे जाहीरपणे सांगितले आहे.

येथे विक्रेते एक युक्तिवाद करतात, आणि तो वरवर बिनतोड वाटतो: ठसे कधीच बदलत नाहीत, तेव्हा आमच्या चाचणीचा निकालही बदलत नाही, उलट लेखी चाचणीत मूल आज वेगळे आणि उद्या वेगळे गुण मिळवते. यातील पहिला भाग खरा आहे. बोटांवरच्या रेषा गर्भावस्थेच्या साधारण तिसऱ्या ते पाचव्या महिन्याच्या दरम्यान तयार होतात आणि जन्मभर तशाच राहतात. परंतु मानसशास्त्रात चाचणीची विश्वसनीयता आणि वैधता या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पुन्हा मोजल्यावर तेच माप येणे ही विश्वसनीयता, आणि जे मोजतो असे आपण म्हणतो तेच खरोखर मोजले जाणे ही वैधता. मुलीची उंची मी अचूक मोजली, दहा वेळा मोजली आणि दहाही वेळा तीच आली, तरी त्या उंचीवरून तिचा गळा गाण्याला चांगला आहे की नाही हे मला सांगता येणार नाही. मोजमापात चूक नाही, चूक आहे ती मोजमापावरून मारलेल्या उडीत. ठशांचे मोजमाप विश्वसनीय आहे. त्यावरून बुद्धीचे अनुमान वैध आहे, हे मात्र दाखवावे लागेल.

आणि ते दाखवण्याचा प्रयत्न सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी झालेला आहे, ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. इंग्लंडमधील संशोधक फ्रान्सिस गॉल्टन यांनी 1892 साली ‘फिंगर प्रिंट्स’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. ओळख पटवण्यासाठी ठसे वापरण्याच्या शास्त्राचा तो एक पायाच मानला जातो. बुद्धी आणि स्वभाव वंशपरंपरेने येतात यावर गॉल्टन यांचा ठाम विश्वास होता, तेव्हा ठशांत त्याची खूण सापडली असती तर सर्वांत जास्त आनंद त्यांनाच झाला असता. त्यांनी विद्यार्थ्यांचे, मजुरांचे आणि मतिमंदांच्या संस्थेतील व्यक्तींचे ठसे एकमेकांशी ताडून पाहिले. या गटांत उपयोगी पडेल असा फरक त्यांना आढळला नाही, आणि ठशांवरून वंश व स्वभाव ओळखता येतील ही आपली मोठी आशा फोल ठरल्याचे त्यांनी त्याच ग्रंथात नमूद करून ठेवले. गॉल्टन यांची वंशविषयक अनेक मते आज आपण त्याज्य मानतो, परंतु स्वतःच्या लाडक्या कल्पनेविरुद्ध गेलेला पुरावा त्यांनी लपवला नाही, हे मान्य करावेच लागते.

त्वचारेषांचा अभ्यास हे स्वतः खोटे शास्त्र नव्हे. डाऊन सिंड्रोमसारख्या काही जन्मजात स्थितींत तळहातावरच्या रेषांची ठेवण वेगळी दिसते आणि वैद्यकशास्त्रात तिची नोंद घेतली जाते. बहुविध बुद्धिमत्तांची कल्पनाही हॉवर्ड गार्डनर या मान्यवर मानसशास्त्रज्ञांनी 1983 साली मांडलेली आहे, जरी तिच्यावर अभ्यासकांत मतभेद असले तरी. गार्डनर यांच्या मांडणीत बोटांच्या ठशांना कोठेही स्थान नाही. दोन वेगवेगळ्या ठिकाणचे खरे धागे घेऊन त्यांच्या मधली गाठ मात्र पुराव्याविना मारलेली आहे. त्यातच मेंदू अनुभवाने बदलत जातो. लंडनच्या टॅक्सीचालकांवर 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रसिद्ध अभ्यासात शहराचे हजारो रस्ते पाठ असलेल्या चालकांच्या मेंदूतील स्मरणाशी संबंधित भागाची रचना इतरांहून वेगळी आढळली. जे कधीच बदलत नाही त्यावरून सतत घडत जाणाऱ्या गोष्टीचे भाकीत कसे करणार, याचे उत्तर त्या रंगीत पानांत मला सापडले नाही.

आता दुसरी बाजू. अभिक्षमता चाचणी निर्दोष आहे असे सांगून मी पालकांची दिशाभूल करणार नाही. तिचे दोष बरेच आहेत, परंतु ते मोजता येतात आणि तिच्या नियमपुस्तिकेत छापलेले असतात. समजा, सरासरी 100 आणि प्रमाण विचलन (सरासरीभोवती गुण किती पसरलेले आहेत याचे माप) 15 असलेल्या चाचणीची विश्वसनीयता 1 पैकी 0.90 आहे, म्हणजे चांगली आहे. तरीही तिची मापनत्रुटी सुमारे 4.7 गुणांची येते. याचा व्यवहारातला अर्थ असा की, मुलाला 108 गुण पडले तर दोन्ही बाजूंना या त्रुटीची सुमारे दुप्पट धरून त्याचे खरे माप साधारण 99 ते 117 या पट्ट्यात असावे, एवढेच बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येते. प्रामाणिक समुपदेशक हा पट्टा दाखवतो. ज्या अहवालात ‘भाषिक बुद्धी 14.37 टक्के’ असे लिहिलेले असते आणि त्रुटीचा पत्ताच नसतो, तिथे तो आकडा कसा आला हे विचारलेच पाहिजे. मी पाहिलेल्या ठशांच्या अहवालात आठही टक्केवारींची बेरीज शंभर होत होती. म्हणजे मुलाची तुलना इतर कोणाशी झालेलीच नव्हती. अभिक्षमता चाचणीत मात्र मुलाचे गुण त्याच वयाच्या किंवा इयत्तेच्या मोठ्या नमुन्याशी ताडले जातात, आणि त्या नमुन्यावरून काढलेल्या प्रमाणकांशिवाय कच्च्या गुणांना काही अर्थ नसतो.

गोव्यात या प्रमाणकांपाशीच काळजी घ्यावी लागते. सरकारी प्राथमिक शाळेत चौथीपर्यंत मराठीतून किंवा कोकणीतून शिकलेले मूल पाचवीपासून इंग्रजी माध्यमात जाते. पेडणे, सत्तरी किंवा काणकोणच्या गावातले असे मूल घरी एक भाषा बोलते, लिहायला दुसरी शिकते आणि परीक्षा तिसरीत देते. त्याच्यापुढे मोठ्या शहरांतील इंग्रजी शाळांच्या नमुन्यावर बेतलेली शाब्दिक तर्काची चाचणी ठेवली, तर तिच्यात तर्क कमी आणि इंग्रजीचा सराव जास्त मोजला जाण्याचा धोका असतो. वर ज्या डिचोलीच्या मुलीचा उल्लेख केला तिच्या अहवालात नेमके हेच झाले होते. आकृत्यांवरून तर्क आणि अवकाशीय आकलन यांत ती बरीच वर होती, शाब्दिक तर्कात सरासरीच्याही खाली. समुपदेशिकेने त्या गुणांखाली हाताने लिहिले होते की, मुलीचे प्राथमिक शिक्षण मराठीतून झालेले असल्याने हे माप जपून वापरावे. नंतर तिने मुलीशी अर्धा तास मराठीत गप्पा मारल्या, एक गोष्ट ऐकवून तिच्यावर प्रश्न विचारले, आणि मुलीची भाषेची समज उत्तम असल्याची नोंद केली. यंत्रावर बोट ठेवून घेणाऱ्याला अशी नोंद करता येत नाही, कारण त्याच्या चाचणीला स्वतःची मर्यादा ओळखण्याची जागाच नाही.

मानसशास्त्र तरी कुठे पक्के विज्ञान आहे, असे मला सायन्सकडचे सहकारी विचारतात, आणि काही पालकही. प्रश्न रास्त आहे. कार्ल पॉपर या तत्त्वज्ञांनी फ्रॉइड आणि ॲडलर यांच्या मनाविषयीच्या सिद्धांतांवर असाच आक्षेप घेतला होता. मुलाला बुडवण्यासाठी पाण्यात ढकलणारा माणूस आणि त्याला वाचवण्यासाठी उडी घेणारा माणूस, दोघांचेही वर्तन एकाच सिद्धांताने तितक्याच सहज समजावता येत असेल, तर तो सिद्धांत काहीच सांगत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मानसशास्त्राचा काही भाग या आक्षेपाला आजही पात्र आहे, असे माझे मत आहे. 2015 साली संशोधकांच्या एका मोठ्या गटाने मानसशास्त्रातील 100 प्रसिद्ध प्रयोग पुन्हा करून पाहिले, तेव्हा जेमतेम 36 टक्के प्रयोगांत पुन्हा लक्षणीय निष्कर्ष मिळाला. हा आकडा मी वर्गात दरवर्षी फळ्यावर लिहिते, आणि मुले हादरतात. परंतु ही तपासणी मानसशास्त्रज्ञांनीच केली, तीच जगापुढे ठेवली, आणि त्यानंतर संशोधनाचा आराखडा आधीच नोंदवण्याची, माहिती खुली करण्याची पद्धत वाढीस लागली. ठशांच्या चाचणीच्या विक्रेत्यांपैकी कोणी स्वतःचे शंभर अहवाल अशा रीतीने पुन्हा तपासून प्रसिद्ध केले असते, तर हा लेख लिहिताना मी वेगळा विचार केला असता.

मनाच्या क्षेत्रात काटेकोर प्रयोग होऊ शकतात, याची चांगली उदाहरणे तर गोव्यातच घडलेली आहेत. ‘संगत’ या गोव्यातील संस्थेच्या संशोधकांनी 24 आरोग्यकेंद्रांत, 12 सरकारी आणि 12 खासगी, एक मोठी चाचणी केली. तिचे निष्कर्ष 2010 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. नैराश्य आणि चिंता असलेल्या रुग्णांना प्रशिक्षण दिलेल्या सामान्य समुपदेशकांची मदत मिळाली तर उपयोग होतो का, हा प्रश्न होता, आणि कोणत्या केंद्रात ही मदत द्यायची ते यदृच्छेने ठरवले होते. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी मदत मिळालेल्या गटातील 65.9 टक्के रुग्ण बरे झाले, तर नेहमीचे उपचार मिळालेल्या गटातील 42.5 टक्के. खासगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाही, आणि संशोधकांनी तेही तितक्याच स्पष्टपणे लिहिले. पुढे तीव्र नैराश्य असलेल्या 495 जणांवर गोव्यातील 10 प्राथमिक आरोग्यकेंद्रांत झालेल्या दुसऱ्या प्रयोगात, समुपदेशन मिळालेल्यांपैकी 64 टक्के तीन महिन्यांत नैराश्यातून बाहेर आले, आणि तुलनेच्या गटातील 39 टक्के. कुठे उपयोग झाला आणि कुठे झाला नाही, हे दोन्ही आकड्यांत सांगता येणे याला मी मानसशास्त्राची शास्त्रीयता म्हणते.

उरलेल्या बाबी थोडक्यात. पैशांच्या दृष्टीने दोन्ही चाचण्या मध्यमवर्गीय कुटुंबाला जाणवतील अशाच असतात, तेव्हा स्वस्त-महाग हा निकष येथे फारसा कामाचा नाही. वेळ ठशांच्या चाचणीला कमी लागतो. परंतु मुलाच्या दहाही बोटांचे ठसे एका खासगी व्यावसायिकाच्या संगणकात कायमचे राहतात, ही गोष्ट पालकांनी हलक्यात घेऊ नये. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो, बोट बदलता येत नाही.

अभिक्षमता चाचणीही प्रत्येकाला लागते असे नाही. ज्या मुलाला काय शिकायचे ते ठाऊक आहे, ज्याचे शाळेतील गुण आणि आवड एकाच दिशेला आहेत, त्याच्यासाठी हा खर्च टाळावा असेच मी सांगते. ज्याची आवड एकीकडे आणि गुण दुसरीकडे आहेत, किंवा जो दोन शाखांमध्ये खरोखर अडकला आहे, त्याला चाचणीचा उपयोग होतो. गोवा शिक्षण विकास महामंडळाच्या योजनेतून अनेक शाळांना समुपदेशक मिळालेले आहेत. आधी त्यांच्याशी बोलावे, पैसे मोजण्याचा विचार नंतर. चाचणी घेणाऱ्याला पैसे देण्यापूर्वी पुढील गोष्टी अवश्य विचाराव्यात: तुमचे मानसशास्त्रातील शिक्षण कोणते, या चाचणीची नियमपुस्तिका दाखवाल का, तिची प्रमाणके कोठल्या आणि किती मुलांवरून काढली, माझ्या मुलाच्या भाषेचा विचार तुम्ही कसा कराल, आणि निकालानंतर तुम्ही मुलाशी प्रत्यक्ष बोलणार आहात का. जो या प्रश्नांनी दुखावतो, त्याच्याकडे मुलाला नेऊ नये, मग त्याच्या फलकावर चाचणीचे नाव काहीही असो.

एका परिस्थितीत मात्र या दोन्ही चाचण्या बाजूला ठेवाव्यात. आठवी-नववीपर्यंत नीट चालणारे मूल अचानक मागे पडू लागले, झोप आणि जेवण बिघडले, ते मित्रांना टाळू लागले, तर तो शाखा निवडण्याचा प्रश्न राहत नाही. अशा वेळी शाळेच्या समुपदेशकाकडे, आणि गरज पडल्यास बांबोळीच्या मनोरुग्ण व मानवी वर्तन संस्थेच्या बाह्यरुग्ण विभागात जावे. अकरावीचा प्रवेश त्यानंतरही घेता येतो.